गणेशखिंडीतील लाटसाहेबांचा बंगला



ज्या शाळेच्या ओट्यावर बसून मी बाराखडी घोकली, त्या शाळेने आज मला बोलते करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्याने होतात, ते गुरुजी आम्हांला इतिहास शिकवीत. शिकवीत म्हणण्यापेक्षा, इतिहास आमच्या अंगावर सोडून देत असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १८१८ सालचा धडा चालू असताना त्यांनी पुस्तक मिटले आणि आम्हांला विचारले, "पेशवाई बुडाली कुठे?" सर्वांनी एका आवाजात पुणे म्हणून सांगितले. गुरुजी म्हणाले, "पुण्यात नाही. ती आपल्या अंगणात बुडाली, असीरगडाच्या पायथ्याशी. आणि लढाईला तोंड लागले ते गणेशखिंडीत. पुढेमागे कोणी पुण्यास गेलात, तर तेथे आता काय आहे ते पाहून या."

आज मी जे सांगणार आहे ते त्या एका प्रश्नाचे, बऱ्याच उशिरा दिलेले उत्तर आहे. गणेशखिंडीत आता विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठाच्या मध्यभागी एक घर आहे. व्याख्यानाचा विषय ते घर.

प्रथम त्या जागेविषयी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने खडकीच्या मैदानाकडे सरकली. सेनापती बापू गोखले होते, आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. त्या दिवशीचा निकाल आपणांस ठाऊक आहे. त्यानंतर सात महिने पेशवे पुढे आणि इंग्रज मागे, असा पाठलाग दख्खनभर चालला, आणि अखेर बाजीराव असीरगडाजवळील धूळकोटच्या परिसरात येऊन थांबले. पुढे वाट उरली नव्हती. ३ जून १८१८ रोजी ते सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाख रुपयांची नेमणूक ठरली आणि पेशवे ब्रह्मावर्तास गेले. धूळकोट आज आपल्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. आपल्यापैकी किती जण तेथे मुद्दाम गेले असतील, कोणास ठाऊक.

हे माल्कमसाहेब पुढे १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. पावसाळ्यात मुंबई सोडून पुण्याच्या हवेत राहावे, ही गव्हर्नरांची रीत. त्यांच्या कारकिर्दीत पुण्याजवळ दापोडी येथील एक बंगला व बाग सरकारने विकत घेतली. तो बंगला कॅप्टन फोर्ड यांचा होता, आणि फोर्ड हे पेशव्यांच्याच कवायती पलटणीचे अधिकारी. म्हणजे पेशव्यांच्या पगारावर वाढलेल्या अधिकाऱ्याचा बंगला, पेशव्यांना शरण आणणाऱ्या गव्हर्नराचे राहते घर झाला. इतिहासात असे व्यवहार गाजावाजा न होता घडतात. गणेशखिंडीच्या घराचा खरा पूर्वज तो दापोडीचा बंगला, आणि त्याची मुळे आपल्या धूळकोटपर्यंत पोहोचतात, हे मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो.

दापोडीचा बंगला तीसएक वर्षे पुरला. १८६२ साली सर बार्टल फ्रेअर गव्हर्नर झाले. हे गृहस्थ मोठ्या मनसुब्यांचे. मुंबईच्या किल्ल्याचे तट त्यांच्या काळात पाडले गेले आणि त्या मोकळ्या जागेवर नवी मुंबई आखली गेली. त्या आखणीच्या कामात जेम्स ट्रबशॉ नावाचे वास्तुकार होते, आणि गणेशखिंडीच्या नव्या घराचा नकाशा त्यांनीच केला. काम १८६४ साली सुरू झाले. हे साल लक्षात घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मुंबईत पैशाचा पूर लोटला. सरकारलाही वाटले असावे की हा पूर ओसरणारच नाही. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द बँक ऑफ बॉम्बे डबघाईस आली. फ्रेअर १८६७ मध्ये निघून गेले. घर मात्र वाढतच राहिले. सर सेमूर फिट्झजेरल्ड यांच्या काळात, १८७१ साली ते पुरे झाले तेव्हा खर्च सोळा-सतरा लाख रुपयांच्या घरात गेला होता. या उधळपट्टीवर थेट विलायतेच्या पार्लमेंटात टीका झाली.

सोळा-सतरा लाख म्हणजे किती? शरण आलेल्या पेशव्याच्या दोन वर्षांच्या नेमणुकीएवढे. पण हा हिशेब दरबारी झाला. दुसरा हिशेब असा की, घर पुरे झाल्यावर चारच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जाचे कागद जाळले. कापसाच्या तेजीत वाढलेले कर्ज आणि मंदीत न झेपणारा सारा ही त्या दंग्याची कारणे होती. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत टिकला. एकाच तेजीतून लाटसाहेबांच्या वाट्याला बंगला आला आणि कुणब्याच्या वाट्याला गहाणखत आले. पुण्यात सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, म्हणजे गणेशखिंडीत अखेरचे दगड बसत होते त्याच सुमारास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण एका गावाच्या दोन टोकांना त्या एकाच वेळी उभ्या राहत होत्या, आणि इतिहास वाचणाऱ्याने त्या एकत्र पाहाव्यात.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळतो.

घर करड्या-काळ्या दगडाचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या पाषाणाचे आहे. त्याची शैली मात्र इटलीची, तीही इंग्लंडमार्गे आलेली. राणी व्हिक्टोरियाने वाइट बेटावर बांधून घेतलेले ऑसबोर्न हाउस १८५१ साली पुरे झाले, आणि त्यानंतर या धाटणीची इंग्रजांत चलती झाली. अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगा, लांबच लांब सज्जे, गाडी थेट दारात येऊन उभी राहील असा पुढे काढलेला मंडप, आणि या सर्वांवर मात करणारा एक सडपातळ चौकोनी मनोरा. इटलीत असा मनोरा चर्चच्या बाजूला असतो आणि त्यात घंटा असते. येथे घंटेऐवजी निशाण होते. गव्हर्नर मुक्कामास आहेत की नाहीत, हे पुणेकरांनी दुरून निशाण पाहून ओळखायचे.

वास्तुशास्त्रात मी अनभिज्ञ आहे, पण वाड्यात वाढलेला माणूस आहे. त्यामुळे या घरातले वेगळेपण मला एका बाबतीत चटकन जाणवले. आपला वाडा आत पाहतो. बाहेरून भिंत, दिंडी दरवाजा, एवढेच. आत गेले की चौक, तुळस, विहीर, आणि चौकाभोवती सोपे. पाहुणा सोप्यावर बसला की घरातली हालचाल त्याच्या कानी पडते. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील मोगलांचे महाल नदीकडे पाहतात. तापीचा वारा, हमामाची चित्रे रंगविलेली छते, आणि शहरभर खेळवलेले पाणी यांच्यासाठी ते बांधलेले. गणेशखिंडीचे घर ना आत पाहते ना नदीकडे. ते स्वतःभोवती मोकळी जमीन पसरून तिच्या मध्यावर उभे राहते. त्याला तटबंदीची गरज नव्हती, कारण ते अंतर हीच त्याची तटबंदी. फाटकापासून मंडपापर्यंत चालत येणाऱ्या माणसाला आपण किती लहान आहोत हे कळावे, एवढे अंतर तेथे मुद्दाम ठेवले आहे.

आणि आत काय आहे? एका अंगास दरबाराची, मेजवानीची व नाचाची दालने, दुसऱ्या अंगास साहेबांच्या खाजगी खोल्या. मोठ्या दालनाला आता संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात. जेथे विलायती वाद्यांवर पावले टाकली जात, तेथे ज्ञानोबांचे नाव आहे. याचे मला विद्यार्थिदशेत हसू आले होते, आज येत नाही.

पण घराचा सर्वांत बोलका भाग जमिनीखाली आहे. या घराला एक भुयार आहे. विद्यार्थ्यांत त्याविषयी नाना कथा चालत. ते पर्वतीस निघते, शनिवारवाड्यास निघते, त्यात खजिना आहे, वगैरे. आपल्याकडेही असीरगडाचे भुयार दिल्लीस नेऊन सोडणारे लोक आहेतच. वस्तुतः ती वाट मुख्य घर आणि बाहेरचे स्वयंपाकघर यांना जोडण्यासाठी होती. खजिना कसला, त्यातून ताटे जात. शेकडो पाहुण्यांचे जेवण रांधणारे, वाढणारे, उष्टी काढणारे हात पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत, म्हणून ते जमिनीखालून आणले-नेले. राजवाड्यातल्या भुयाराला आपण पळवाट समजतो. हे भुयार पळण्यासाठी नव्हते, लपविण्यासाठी होते; आणि लपविले काय, तर श्रम.

हे घर असे माणसे न दिसण्याच्या बेताने बांधलेले. १८९७ साली त्याच राज्यसत्तेने पुण्यातील प्रत्येक घर उघडे केले, ही गोष्ट मला या ठिकाणी आठवते. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले, माजघरात शिरले. साथ खरी होती आणि उपाय करणे भागच होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या रीतीने ते झाले, त्याने शहर पेटले. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या हडपसर बाजूच्या दवाखान्यात आल्या होत्या, तेथे त्यांना लागण झाली. आणि २२ जून रोजी गणेशखिंडीच्या बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झडली. रोषणाई झाली, दारूकाम झाले. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परत निघाल्या. दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू गणेशखिंडीच्या रस्त्यावर वाट पाहत होते. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर दामोदरांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णांच्या गोळीने जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला वारले. पुढील दोन वर्षांत दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथी महादेव रानडे फासावर गेले.

एकाच साथीत, एकाच शहरात झालेले हे दोन मृत्यू, मार्चमधला आणि जूनमधला, आपण क्वचितच एकत्र उच्चारतो. शाळेच्या पुस्तकात ते निरनिराळ्या प्रकरणांत असतात. एकाची पाने सामाजिक सुधारणेत, दुसऱ्याची क्रांतिकारकांत. घरासमोर उभे राहिले की ती पाने एकत्र येतात.

स्वातंत्र्य आले. आता या घराचे काय करावे, हा प्रश्न होता. पाडावे असे वाटणारे असतील, मंत्र्यांनी राहावे असे वाटणारे तर नक्कीच असतील. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शिक्षणखातेही होते. पुण्यास विद्यापीठ देण्याचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभीचे काही महिने विद्यापीठाचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाउसमधून चालला. एका संस्थानिकाच्या देणगीतून झालेल्या पाहुणेघरात जन्मलेले विद्यापीठ मग गव्हर्नराच्या घरात राहायला आले. चारशेहून अधिक एकरांची ती जमीन विद्यापीठास मिळावी, यासाठी खेरांनी जो आग्रह धरला, त्याची पुरेशी आठवण ठेवली गेलेली नाही असे माझे मत आहे. राज्यपालांचे पुण्यातील निवासस्थान आजही गणेशखिंडीतच शेजारी आहे, आणि राज्यपाल हेच विद्यापीठाचे कुलपती. घर गेले, शेजार राहिला.

त्या विद्यापीठाचे क्षेत्र तेव्हा बारा जिल्ह्यांचे होते आणि त्यात पूर्व व पश्चिम खानदेश येत. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले तरी खानदेश पुण्याकडेच राहिला. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा तो वेगळा झाला. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, आपल्या गावची जी मुले सीमा ओलांडून जळगाव, भुसावळ, फैजपूरच्या महाविद्यालयांत शिकली, त्या सर्वांच्या पदव्या गणेशखिंडीच्या त्या घरातून आल्या. या सभागृहात अशी पदवी घरी जपून ठेवलेले अनेक जण बसले आहेत. पदवी ज्या घरातून आली ते त्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही.

मी ते पाहिले १९७१ साली, एम.ए.साठी पुण्यास गेलो तेव्हा. खरे सांगायचे तर पाहिले नाही. आपण मध्य प्रदेशचे, त्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र ही दोन कागदांची भानगड आपल्या कपाळी. त्यातला एक कागद मी घरीच विसरून गेलो होतो. चूक सर्वस्वी माझी. मुख्य इमारतीच्या सज्ज्यात रांगेत उभा राहून मी फक्त पुढच्या माणसाची पाठ पाहत होतो. दुपारी केव्हातरी कंटाळून कमानीच्या खांबाला टेकलो. दगड गार होता. तेव्हा एकाएकी गुरुजी आठवले. आपण ज्या सज्ज्यात उभे आहोत तेथे एके काळी गव्हर्नराच्या परवानगीवाचून कोणी पाऊल टाकत नसे, आणि आज येथे इच्छापूरचा एक पोरगा विसरलेल्या कागदासाठी निर्धास्त ताटकळत उभा आहे, हे माझ्या ध्यानात आले. सभोवार नगरची, नाशिकची, धुळ्याची मुले होती. कोणी भाकरीचे फडके सोडून बसले होते. भुयारातून नव्हे, उघड्यावर.

गुरुजींना मी त्या रात्री पोस्टकार्ड लिहिले. उत्तर आले ते एका प्रश्नाचेच : "कुलगुरू कोण होऊन गेले ते पाहिलेस का?" मी चौकशी केली. रँग्लर परांजपे, महामहोपाध्याय पोतदार, धनंजयराव गाडगीळ, अशी नावे मिळाली. आणि एक नाव पाहून मी चमकलो : हरि विनायक पाटसकर. १९५२ साली जळगावचे खासदार, पुढे केंद्रात कायदामंत्री. हिंदू स्त्रीला वारसाहक्क देणारा १९५६ चा कायदा संसदेत त्यांनी पुढे नेला. त्यानंतर १९५७ ते १९६५ ते आपल्या मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. तेथून निवृत्त झाल्यावर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९७० साली वारले. भोपाळच्या राजभवनात राहिलेला राज्यपाल, गव्हर्नराच्या जुन्या घरात येऊन बसला तो राज्य करण्यास नव्हे, परीक्षा आणि अभ्यासक्रम पाहण्यास. बाजीराव धूळकोटहून जो रस्ता हरून गेले, त्याच्या उलट दिशेने जाणारा हा एक प्रवास, असे गुरुजींना सुचवायचे होते. ते सरळ कधी सांगत नसत.

२०१४ साली विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले, आणि २०२२ मध्ये त्यांचा पुतळा मुख्य इमारतीच्या आवारात बसविण्यात आला. आपल्या बाजूच्या विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, ज्यांना लिहिताही येत नव्हते. नामांतरांविषयी उलटसुलट बोलले जाते, आणि नुसते नाव बदलून काही होत नाही हा आक्षेप मला पुष्कळसा मान्य आहे. तरीही, ज्या १८९७ सालच्या मेजवानीच्या घरात सावित्रीबाईंना कोणी बोलावले नसते, त्या घराच्या दर्शनी पाटीवर आज त्यांचे नाव आहे, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. मध्यंतरी घराची अवस्था नाजूक झाली होती. गळती, कुजलेले लाकूड, नको तेथे उभ्या केलेल्या फळ्यांच्या भिंती. कचेरीने वापरलेल्या कोणत्याही जुन्या घराचे होते तेच. पुढे जाणकारांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१७ मध्ये इमारत पुन्हा नीटनेटकी झाली. त्यानंतर मी एकदा जाऊन आलो. माझ्या खांबावरचा चुना खरवडून दगड पुन्हा उघडा केलेला होता.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या शाळेची जुनी इमारत, जिच्या ओट्याचा मी प्रारंभी उल्लेख केला, ती पाडून नवी बांधावी असा विचार माजी विद्यार्थ्यांत चालू आहे, असे मला येथे आल्यावर कळले. वर्ग अपुरे आहेत, छप्पर गळते, मुली वाढल्या आहेत आणि त्यांच्यासाठी सोयी हव्या आहेत. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. जुने ते सारे जपावे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. बुऱ्हाणपूरचा शाही महाल धन्यांनी सोडला आणि पुढे त्यात कोणी राहिलेच नाही. तो पडत गेला. गणेशखिंडीचे घर टिकले ते सुंदर होते म्हणून नव्हे, तर त्यात रोज माणसे येत राहिली म्हणून. आपली इमारतही वापरता येत असेल तर वापरावी, येत नसेल तर उतरवावी. तो निर्णय येथे राहणाऱ्यांनी घ्यावयाचा आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या माझ्यासारख्याने नव्हे.

माझी विनंती एवढीच आहे की, त्याआधी तिची मोजमापे घेतली जावीत. किती खण, किती खांब, ओट्याची उंची, दारांच्या चौकटी, भिंतींची जाडी. कोणत्या खोलीत कोणता वर्ग भरे, आणि पाण्याचा माठ कोठे असे, हेही. गावातल्या वृद्धांना विचारून ती बांधणाऱ्या गवंड्यांची व सुतारांची नावे मिळत असतील तर ती लिहून घ्यावीत. गणेशखिंडीच्या घराच्या बाबतीत ट्रबशॉ यांचे नाव सहज सापडते, पाथरवटांची नावे सापडत नाहीत. दहावीच्या मुलांना हे काम एका रविवारात जमण्यासारखे आहे. पन्नास फुटी टेप मी बरोबर आणला आहे. तो मुख्याध्यापकांकडे ठेवून जातो.